बाभळीला लांब पट्टी नको, टिकणारी धार हवी



गाळप हंगाम तोंडावर आला की शेतकी विभागाकडे दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, टोळी वेळेवर आली नाही. दुसरी, टोळी आली, ऊस तुटला, पण गाडी फडापर्यंत पोचेना. पहिल्या तक्रारीवर या पत्रिकेत आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. दुसरीचे मूळ शोधायला मात्र लांब जावे लागत नाही. ते आपल्याच पांदणीत, आपल्याच बांधावर उभे असते आणि त्याचे नाव बाभूळ.

बैलगाडीच्या काळात हे एवढे जाणवत नव्हते. गाडीवान मान खाली घालून फांदीखालून निघून जाई. आता दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, दहा चाकी ट्रक आणि काही ठिकाणी तोडणी यंत्रही पांदणीत शिरते. त्यांना रुंदी लागते, उंची लागते, वळायला जागा लागते. एक आडवी फांदी सबंध गाडी अडवते आणि तोडलेला ऊस फडात पडून सुकतो. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आपण सर्व जाणता. त्यापुढे जो वेळ जातो त्यात वजन एका सभासदाचे घटते आणि उतारा सगळ्यांचा घटतो. तेव्हा लाकूड कापायच्या मशीनवर ऊस विकास अधिकाऱ्याने का लिहावे, असे कुणी म्हणू नये.

गेल्या काही वर्षांत चेनसॉ मशीन गावोगाव आले. कुऱ्हाडीने अर्धा दिवस लागायचा ते काम आता घटकाभरात होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मशीन घेताना आपला माणूस दुकानात काय बघतो? पट्टी किती लांब आहे आणि इंजिन किती सीसीचे आहे. चेन कसली आहे हे कुणी विचारत नाही. मग दोन बाभळी कापून झाल्या की मशीन धूर काढते, लाकडातून पिठासारखा भुसा पडतो आणि "मशीन बोगस निघाले" म्हणून ते कोठ्यात जाऊन पडते. बहुतेक वेळा मशीन बोगस नसते. आपल्या लाकडाला न शोभणारी पट्टी आणि चेन त्याला लावलेली असते, एवढेच. आपल्या भागातल्या लाकडासाठी आखूड पट्टी, धार धरून ठेवणारी चेन आणि गटातल्या सगळ्या मशीनना एकच माप, या तीन गोष्टी पाळाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे खाली देतो.

आधी लाकूड ओळखा

आपल्याकडे कापायचे लाकूड म्हणजे प्रामुख्याने बाभूळ. त्याखालोखाल नाल्याच्या आणि कॅनॉलच्या कडेला माजलेली येडी बाभूळ, मग लिंब, बोर, चिंच. बाभूळ सागापेक्षा जड आणि कठीण. म्हणून तर गाडीच्या चाकाचे तुंबे, आरे आणि पुठ्ठे, शिवाय वखर-नांगराची लाकडे आपल्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची केली. जे लाकूड खडकाळ वाटेवर भरल्या गाडीचे धक्के सोसते, ते करवतीला सहज दाद देईल कसे? त्यातही ओली बाभूळ बरी. वाळलेल्या बाभळीचा काळसर गाभा धारेची खरी परीक्षा घेतो.

दुसरी गोष्ट लाकडाची नसून मातीची आहे. बाभळीची साल खोल भेगांची असते. पांदणीतून गाड्या जाऊन जाऊन त्या भेगांत काळ्या मातीचा धुरळा बसलेला असतो. गोदाकाठच्या आणि पूर्णाकाठच्या झाडांच्या बुंध्यात पुराची रेती अडकलेली असते. त्यात कुणी कुंपणाची तार गुंडाळलेली, कुणी खिळा ठोकलेला. धार घालवण्यात लाकडाच्या कठीणपणापेक्षा या माती-रेतीचा वाटा मोठा असतो. म्हणून पहिला नियम फुकटचा आहे. जिथे काप घ्यायचा तिथली साल कुऱ्हाडीने तासून काढावी, तार-खिळा हाताने चाचपून पाहावा आणि मगच मशीन लावावे. शक्य असेल तिथे लाकूड ओले असतानाच कापावे.

दाता कसला असावा

चेनसॉची चेन ही सुताराच्या करवतीसारखी नसते. जुन्या काळी परदेशात करवतीच्याच आकाराचे दाते साखळीवर बसवत. ते लाकूड ओरबाडत आणि लवकर बोथट होत. अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली एका ओंडक्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती जबडे डावी-उजवीकडे चालवून लाकूड आडवे-उभे सहज कुरतडत होती. तो जबडा डोळ्यासमोर ठेवून त्याने डाव्या-उजव्या दात्यांची नवी चेन केली आणि १९४७ साली तिचा कारखाना काढला. आज आपण वापरतो ती चेन त्याच वंशातली. एक दाता डावीकडून, पुढचा उजवीकडून लाकडाचा किस काढत जातो. म्हणून धारदार चेनमधून किस पडतो आणि बोथट चेनमधून पीठ पडते. पीठ दिसले की थांबायचे, ही खूण पक्की लक्षात ठेवावी.

या दात्यांत आपल्या उपयोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकाचा कोपरा काटकोनी, टोकदार असतो. त्याला फुल चिझल म्हणतात. स्वच्छ, मऊ लाकडात हा सपाट्याने चालतो. पण त्याची सगळी करामत त्या टोकदार कोपऱ्यात असते आणि मातीचा एक खडा लागला की तो कोपरा जातो. दुसऱ्याचा कोपरा गोलसर असतो, त्याला सेमी चिझल म्हणतात. हा थोडा सावकाश कापतो, पण माती, वाळलेले लाकूड आणि कठीण गाभा यांत धार जास्त वेळ धरतो. घरच्या घरी कानस लावायलाही तो सोपा आहे.

दुकानदार आपल्याला वेग दाखवतो. नव्या कोऱ्या चेनने दुकानामागचे मऊ लाकूड लोण्यासारखे कापून दाखवले की आपणही खूश होतो. पण दिवसभराच्या कामाचा हिशेब करा. जी चेन पहिली दहा मिनिटे जोरात चालते आणि मग तासाला दोनदा कानस मागते, तिच्यापेक्षा एका चालीने दुपारपर्यंत चालणारी चेन केव्हाही अधिक काम उरकते. पांदणीतल्या बाभळीसाठी सेमी चिझलच घ्यावी. नवशिक्या पोराच्या हातात मशीन द्यायचे असेल तर झटका कमी करणारे जादा दुवे असलेली चेन मिळते, ती मागून घ्यावी.

काही ठिकाणी कार्बाइडच्या टोकांची चेन सुचवली जाते. ती मातकट लाकडात फार दिवस धार धरते, हे खरे. पण तिला साध्या कानशीने धार लागत नाही, त्यासाठी हिऱ्याच्या भुकटीचे चाक लागते. शिवाय खिळ्यावर आपटली की तिचे टोक ठिसूळ असल्याने तुटते. ज्या गावात कुंपणाच्या तारा झाडांच्या पोटात गेलेल्या आहेत तिथे हा खर्च परवडणारा नाही.

पट्टी किती लांब

आपल्या बाजारात ५८ सीसीची मशीन बहुधा २२ इंची पट्टी लावून विकतात. पट्टी लांब म्हणजे मशीन दणकट, असा आपला समज. पण आपल्या बांधावरच्या बाभळी बघा. आडव्या येणाऱ्या फांद्या वीतभर जाड, खोड फूट-दीड फूट. त्याला १६ ते १८ इंची पट्टी पुरते. क्वचित त्याहून जाड खोड आलेच तर दोन्ही बाजूंनी काप घेता येतो.

लांब पट्टीचे तोटे मोजून सांगतो. एक, २२ इंचीवर साधारण ८६ दुव्यांची चेन बसते, १८ इंचीवर ७२ दुव्यांची. म्हणजे तेवढे दाते जास्त घासायचे. दोन, तेवढी जास्त चेन ओढायला इंजिनाची ताकद आणि तिला भिजवायला तेल जास्त लागते. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे, खोडाच्या पलीकडे निघालेले पट्टीचे टोक दिसत नाही. ते बांधाच्या मातीत किंवा दगडात घुसते आणि अख्ख्या चेनची धार एका क्षणात जाते. चार, तेच टोक पलीकडच्या फांदीला लागले की मशीन उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागू देऊ नये, हा चेनसॉ चालवण्यातला पहिला धडा आहे. पट्टी आखूड असली की टोक नजरेत राहते.

पट्टीच्या जाती दोन-तीन आहेत. पत्र्याचे थर जोडून केलेली पट्टी हलकी आणि स्वस्त असते. आपल्या मध्यम मशीनला तीच योग्य. एकसंध पोलादाची पट्टी जड आणि महाग. मोठ्या मशीनवर रोज ओंडके कापणाऱ्याने ती घ्यावी. टोकाला दातेरी चक्र असलेली पट्टी हलकी चालते, पण त्या चक्रात माती शिरली की ते अडकते. काही पट्ट्यांचे टोक चक्राविना, कठीण मिश्रधातूचा थर दिलेले असते. मातीत राबायला ते दणकट, पण घर्षण जास्त. सर्वसाधारण कामाला चक्राची पट्टी घ्यावी आणि रोज संध्याकाळी टोक साफ करावे. ज्याचे काम मुख्यतः बुडखे काढण्याचे आहे त्याने चक्राविना टोकाचा विचार करावा.

माप एकच ठेवा

आता माझा मुख्य मुद्दा. चेनला तीन मापे असतात आणि तिन्ही जुळली तरच ती बसते. पहिले पिच. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजायचे आणि त्याला दोनाने भागायचे, हा झाला पिच. ०.३२५ इंच आणि ३/८ इंच हे नेहमीचे. दुसरे गेज, म्हणजे पट्टीच्या खाचेत उतरणाऱ्या दुव्याची जाडी. ती १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. तिसरे, खाचेत उतरणाऱ्या दुव्यांची संख्या, जी आपल्याच पट्टीवर मोजून घ्यावी. पिच चुकला तर चेन चक्रावर बसत नाही. जाड दुव्याची चेन अरुंद खाचेत शिरत नाही. बारीक दुव्याची चेन रुंद खाचेत शिरते, पण कलते आणि काप वाकडा जातो.

एका गटात पाच गावे आणि आठ मशीन असली, आणि आठांची मापे आठ तऱ्हेची असली, तर काय होते? एकाची चेन तुटली तर शेजाऱ्याची चालत नाही. एकाची कानस दुसऱ्याला लागत नाही, कारण ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते आणि ३/८ ला ५.२ किंवा ५.५ ची. चेनसाठी माणूस परभणीला किंवा नांदेडला जातो, तिथे त्या मापाची नसली की चार दिवस जातात, आणि चार दिवस पांदण बंद राहते. गाड्यांची चाके, ट्रॉलीचे टायर, पाईपचे व्यास यांत आपण सोयीसाठी एक माप धरून चालतो. मग इथेच का नाही?

माझी सूचना अशी आहे. यापुढे ज्याला मशीन किंवा पट्टी घ्यायची आहे त्याने गटातल्या जास्तीत जास्त मशीनचे जे माप आहे तेच घ्यावे. बाजारात मिळणाऱ्या मशीनचा विचार करता ०.३२५ पिच, १.५ मिलिमीटर गेज आणि १८ इंची पट्टी हे माप आपल्याला सोयीचे पडेल. माप एक झाले की गट मिळून चेन आणि कानशी एकदम खरेदी करता येतील आणि वेळेला एकमेकांच्या कामी येता येईल. सहकाराचा अर्थ साखरेच्या पोत्यापुरताच धरायचा नसतो.

काही सभासद म्हणतील, मशीन ज्याचे त्याचे, कारखान्याचा त्यात काय संबंध? मशीन खासगी आहे हे खरे. पण पांदण सगळ्यांची आहे. एकाच्या बांधावरची फांदी दहा जणांचा ऊस अडवते. ती वेळेत निघावी यात दहा जणांचा स्वार्थ आहे.

धार लावणे हेच खरे काम

ऊसतोड मजुराकडून शिकावे. त्याचा कोयता बघा. फडात शिरण्याआधी कानस, दुपारी भाकरी खाल्ली की पुन्हा कानस. बोथट कोयत्याने तो एक मोळीही बांधत नाही, कारण बोथट हत्यार आधी हाताला दमवते हे त्याला ठाऊक असते. आपण मात्र हजारो रुपयांचे मशीन घेतो आणि कानशीचे पैसे वाचवतो.

धार लावायची रीत अशी. पट्टी घट्ट धरावी. कानस दात्याच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, दर दात्याला सारखेच तीन-चार हात मारावेत. आधी एका बाजूचे सगळे दाते, मग दुसऱ्या बाजूचे. कोन नेहमी ३० अंशांचा धरतात. वाळल्या बाभळीसाठी २५ अंशांपर्यंत आणला तर धारेची कड जाड राहते आणि जास्त टिकते. सगळे दाते सारख्या लांबीचे राहिले पाहिजेत, नाही तर काप एका बाजूला पळतो. दात्यापुढे जो उंचवटा असतो तो दात्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. "जास्त कापेल" म्हणून तो उंचवटा बेसुमार घासणारे काही जण आहेत. तसे केल्याने दाता लाकडात खोल घुसतो, मशीन झटके देते आणि अपघात होतो. कठीण लाकडात हा मोह धरूच नये.

चेनचा ताण थंड असताना बघावा. पट्टीला खालून चिकटलेली असावी, पण हाताने ओढली की सहज फिरावी. काम संपल्यावर थोडी सैल करून ठेवावी, कारण तापलेली चेन थंड झाली की आखडते. तेल चेनसाठीचेच वापरावे. इंजिनाचे काळे, वापरलेले तेल पुष्कळ ठिकाणी ओततात. त्यात धातूचा कीस असतो, तो चेन आणि खाच दोन्ही खातो. पेट्रोल भरताना दर वेळी चेनचे तेलही भरावे. पट्टी मधून मधून उलटी करून लावावी, म्हणजे एकच कड झिजत नाही. कडेला आलेली बारीक धस सपाट कानशीने काढावी. दर मशीनला दोन चेन असाव्यात, आलटून पालटून लावायला. जुनी, झिजत आलेली तिसरी चेन टाकून न देता जमिनीलगतच्या मातकट बुडख्यांसाठी राखून ठेवावी.

दोन शब्द जपून

धोतर, लुंगी, गळ्यातला रुमाल सावरत मशीन चालवू नये. अंगाबरोबरचे कपडे, पायात जाड बूट, डोळ्याला चष्मा आणि डोक्याला टोप असावा. खांद्याच्या वर मशीन उचलून फांदी कापू नये. झाडावर चढून एका हाताने तर नाहीच नाही. एकट्याने रानात काम करू नये.

झाड कुणाचे आहे तेही पाहावे. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याप्रमाणे चिंच, आंबा, मोह, जांभूळ, साग, चंदन अशी काही झाडे आपल्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कॅनॉलच्या आणि सरकारी रस्त्याच्या कडेची झाडे आपली नव्हेत. आणि बाभूळ यादीत नाही म्हणून ती मुळासकट काढावी असेही नाही. तिच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. शेळीला शेंग आणि बैलाला सावली तीच देते. वाटेवर आलेली फांदी काढा, खोड उभे राहू द्या.

तेव्हा प्रत्येक गटाने दसऱ्याच्या आत एक बैठक घ्यावी. कुणाकडे कोणते मशीन, कोणत्या मापाची चेन, याची यादी करावी. गटातल्या एका होतकरू पोराला धार लावण्याचे काम नीट शिकवावे आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. कोणत्या पांदणी आधी मोकळ्या करायच्या तो क्रम तोडणीच्या क्रमाप्रमाणे ठरवावा. आपली यादी गट कार्यालयात आणून द्यावी, तिच्यावरून एकत्र खरेदीचा विचार करता येईल. पहिली मोळी गव्हाणीत पडेल त्या दिवशी एकही गाडी बाभळीखाली अडकलेली नसावी, एवढीच सभासदांना विनंती.

– ऊस विकास अधिकारी